‘ईसीएम गेलाय’ म्हणण्याआधी

किल्ली फिरवली की गाडी सेल्फ मारते, इंजिन गरगर फिरते, पण पेट काही घेत नाही. मीटरमध्ये एबीएसचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा, गिअरचा दिवा असे एकामागून एक उजळत जातात आणि आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नाही. टोचन लावून गाडी गॅरेजात येते, स्कॅनर जोडला जातो. एअरबॅग उत्तर देते, एबीएस उत्तर देतो, स्टिअरिंग उत्तर देते; इंजिनाच्या ओळीपुढे मात्र ‘कम्युनिकेशन एरर’. बाकीच्यांच्या खात्यात एकच कोड पुन्हा पुन्हा नोंदलेला असतो: यू०१००, म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूलशी (ईसीएमशी) संपर्क तुटला. मग ते ठरलेले वाक्य कानावर येते, ‘साहेब, ईसीएम गेलाय,’ आणि त्यामागोमाग पाच आकडी खर्चाचा अंदाज.

ईसीएम खरोखरच गेलेला असू शकतो. पण कोडाने तसे कुठेच म्हटलेले नाही. रोज ठरल्या वेळी येणारा दुधाचा रतीब आज आला नाही, एवढेच तो सांगतो. दूधवाला आजारी पडला, वाटेत झाड कोसळले की आपल्याच दाराची घंटा बिघडली, हे ज्याचे त्याने शोधायचे. ते न शोधता ईसीएमचा डबा बदलला तर चोर सोडून संन्याशाला फाशी होते. खर्च होतो, आणि नवा ईसीएमही जुन्यासारखाच मुका राहतो.

एका गाडीत अनेक संगणक

ईसीएम म्हणजे चपट्या धातूच्या डब्यात बसवलेला संगणक. क्रँक किती वेगाने फिरतो आहे, आत येणाऱ्या हवेचा दाब किती, कूलंट किती तापले, चालकाने ॲक्सिलरेटर कितपत दाबला, हे सेन्सरांकडून ऐकायचे आणि इंधन किती सोडायचे, ठिणगी नेमकी केव्हा टाकायची, हे ठरवायचे, असे त्याचे काम. बॉश कंपनीची मोट्रॉनिक प्रणाली १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय गाडीत आली, तेव्हा इंधन आणि ठिणगी ही दोन्ही कामे एकाच डिजिटल संगणकाकडे गेली. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कार्बोरेटर मागे पडू लागला आणि गाड्यांच्या डिकीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे मिरवू लागली, तेव्हापासून हा डबा सर्वसामान्यांच्या गाडीत शिरला.

पुढे ब्रेकला स्वतंत्र संगणक आला, एअरबॅगला आला, स्टिअरिंगला, एसीला, दरवाजांना आला. हे सगळे एकमेकांवर अवलंबून असतात. गाडीचा वेग एबीएसकडून कळतो, तो इंजिनालाही हवा असतो आणि मीटरलाही. इंजिनाचा वेग ईसीएमला माहीत, तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला लागतो. प्रत्येक माहितीसाठी प्रत्येक डब्यापासून प्रत्येक डब्यापर्यंत वेगळी वायर ओढायची म्हटले, तर गाडीत माणसांपेक्षा तांबेच जास्त बसले असते.

या गुंत्यावर बॉशच्या अभियंत्यांनी १९८३ मध्ये काम सुरू केले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटला ऑटोमोटिव्ह अभियंत्यांच्या संमेलनात तोडगा मांडला. त्याचे नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, म्हणजेच कॅन. ही तीच बॉश, जिला नाशिककर अजूनही ‘मायको’ या जुन्या नावाने ओळखतात. १९९१ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत कॅन वापरात आले आणि १९९३ मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले, आयएसओ ११८९८. आज छोट्या हॅचबॅकपासून मालवाहू ट्रकपर्यंत हीच भाषा चालते.

दोन वायरींवरचा संवाद

कॅनची करामत दोन बारीक वायरींत आहे. एकीला कॅन-हाय म्हणतात, दुसरीला कॅन-लो. दोन्ही एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. कोणी बोलत नसते तेव्हा दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. बोलणे सुरू झाले की हाय ३.५ व्होल्टपर्यंत चढते आणि लो १.५ व्होल्टपर्यंत उतरते. ऐकणारा मॉड्यूल या दोघींमधला फरक मोजतो. इग्निशन कॉइलचा किंवा एखाद्या मोटारीचा विद्युत गोंगाट पिळामुळे दोन्ही वायरींवर सारखाच चढतो, आणि फरक काढला की तो आपोआप वजा होतो.

इंजिनाच्या कॅनचा वेग बहुतेक गाड्यांत सेकंदाला पाच लाख बिट इतका असतो. दोन मॉड्यूल एकाच क्षणी बोलू लागले तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान, तो पुढे जातो. दुसरा गप्प बसतो आणि नंतर बोलतो. चुकांचाही हिशोब ठेवलेला असतो. संदेश पाठवताना चूक झाली की मॉड्यूल स्वतःच्या खात्यात आठ गुण चढवतो, संदेश नीट गेला की एक उतरवतो. हा आकडा २५५ च्या पुढे गेला की तो स्वतःहून लाइनवरून बाजूला होतो, म्हणजे बिघडलेल्या एकामुळे बाकीच्यांचे बोलणे बंद पडू नये. इंजिनिअर याला ‘बस ऑफ’ म्हणतात.

म्हणजे ईसीएम सुस्थितीत असूनही गप्प असू शकतो. लाइनच खराब असेल तर चुका साचत जातात आणि तो नियमानुसार तोंड मिटून घेतो.

एरवी ईसीएम दर काही मिलिसेकंदांनी इंजिनाचा वेग, तापमान वगैरे जाहीर करत असतो. एबीएस, गिअरबॉक्स, मीटर हे सगळे ती माहिती ऐकत असतात. ठरावीक वेळ उलटूनही संदेश आला नाही की प्रत्येक जण आपापल्या स्मृतीत यू०१०० लिहून ठेवतो. एक गोष्ट इथे ध्यानात घ्यायला हवी. हा कोड ईसीएमच्या तोंडचा नाही, त्याच्याविषयी इतरांनी केलेली तक्रार आहे. म्हणूनच जाणता मेकॅनिक कोड काय आहे याच्या बरोबरीने तो कोणाच्या खात्यात आहे, हेही कागदावर उतरवतो.

कोडांची रचनाही सोपी आहे. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चॅसी आणि यू म्हणजे नेटवर्क. यू०१०० इंजिनाचा, यू०१०१ गिअरबॉक्सच्या मॉड्यूलचा, यू०१२१ एबीएसचा, यू०१४० बॉडी कंट्रोल मॉड्यूलचा. हे कोड वाचायचे सॉकेट, म्हणजे ओबीडी सॉकेट, चालकाच्या गुडघ्यांजवळ, डॅशबोर्डखाली असते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचे झाले; भारतात बीएस-४ च्या काळात, १ एप्रिल २०१३ पासून, चारचाकींना ओबीडी-२ बंधनकारक झाले. त्या सॉकेटला सोळा पिना असतात. १६ क्रमांकावर बॅटरीचा कायमचा करंट, ४ आणि ५ वर अर्थिंग, ६ वर कॅन-हाय, १४ वर कॅन-लो. निदानातले निम्मे काम या पाच पिनांवर उरकते.

कोण बोलते, कोण नाही

पहिला प्रश्न असा: स्कॅनर स्वतः चालू होतो का? होत नसेल तर बिघाड १६ क्रमांकाच्या पिनेवर किंवा अर्थिंगवर. बऱ्याच गाड्यांत या पिनेचा फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटबरोबर सामाईक असतो. मोबाइलचा स्वस्तातला चार्जर शॉर्ट झाला, सॉकेटमध्ये नाणे पडले, की फ्यूज उडतो आणि स्कॅनर लागत नाही. ईसीएमचा यात काडीचाही संबंध नसतो.

दुसरा प्रश्न: किती मॉड्यूल उत्तर देतात? कोणीच देत नसेल तर सामाईक लाइनच बसली आहे. हाय आणि लो एकमेकींना चिकटल्या असतील, किंवा एखादी वायर बॉडीला लागली असेल. सगळे बोलतात आणि फक्त ईसीएम बोलत नाही, तर बिघाड ईसीएमच्या करंटमध्ये, अर्थिंगमध्ये, त्याच्याकडे जाणाऱ्या फांदीत किंवा शेवटी ईसीएममध्येच. ईसीएम स्कॅनरशी छान बोलतो आणि एकट्या एबीएसच्या खात्यात यू०१०० आहे, तर संशय एबीएसवर आणि त्याच्या वायरींवर घ्यायचा. गाडी सुरू आहे, सगळे बोलत आहेत आणि कोड फक्त जुन्या नोंदीत आहे, तर बॅटरीकडे वळायचे.

बॅटरीचे हे प्रकरण अनेकांना चकवते. सेल्फ मारताना थकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज इतका खाली जातो की एखादा मॉड्यूल क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. तेवढ्या वेळात शेजाऱ्यांनी तक्रार नोंदवलेली असते. महिनाभर उभी राहिलेली गाडी जंप स्टार्ट करून गॅरेजात आणली, तर स्कॅनरवर यू कोडांची रांगच लागते. अशा वेळी बॅटरी तपासून, पूर्ण चार्ज करून, कोड पुसून गाडी पुन्हा चालवून पाहायची. जे कोड परत येतील, तेवढेच खरे धरायचे.

नंतर लावलेल्या वस्तूंकडेही याच टप्प्यावर बघितलेले बरे. ओबीडी सॉकेटमध्ये कायमचा खुपसलेला ट्रॅकर, बाजारातला टचस्क्रीन स्टिरिओ, रिमोट लॉक, आणि आपल्याकडे हमखास आढळणारा, बाहेरून बसवलेला सीएनजी किट. किटची वायरिंग इंजेक्टरच्या आणि ईसीएमच्या वायरींना जोडलेली असते. जोड नीट सोल्डर न करता नुसता पिळून वर टेप गुंडाळला असेल, तर इंजिनाच्या उष्णतेने दोन उन्हाळ्यांत टेपचा डिंक सुटतो आणि वायर उघडी पडते. बाहेरून आलेले सगळे आधी काढून ठेवून स्कॅनर पुन्हा लावला, तर काही वेळा शोध तिथेच संपतो.

साठ ओहमची परीक्षा

आता मल्टीमीटर बाहेर येतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, मॉड्यूल झोपेपर्यंत थोडा दम धरायचा, मीटर ओहमवर ठेवायचा आणि ओबीडी सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकाच्या पिनांमधला रोध मोजायचा. कॅन लाइनच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर जोडलेले, म्हणून मीटरवर ६० च्या आसपास आकडा यायला हवा.

१२० आला तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी कुठेतरी चिकटल्या आहेत. काहीच दिसत नसेल तर सॉकेटकडे येणारी वायरच तुटलेली. ४० आला तर तीन रेझिस्टर लागले आहेत; कोणीतरी चुकीचा मॉड्यूल बसवला असण्याची शक्यता बळावते. बॅटरी जोडलेली असताना हीच मोजणी केली तर लाइनवरचे व्होल्ट मीटरला फसवतात आणि भलताच आकडा दिसतो.

पुष्कळ गाड्यांत या दोनपैकी एक रेझिस्टर ईसीएमच्या पोटात असतो. अशा गाडीत एक सुंदर युक्ती चालते. मीटर ६ आणि १४ वर तसाच लावून ठेवायचा आणि ईसीएमचा कपलर काढायचा. आकडा ६० वरून १२० वर गेला, तर ईसीएमपर्यंतच्या दोन्ही वायरी शाबूत आहेत, हे एक फूटही टेप न सोलता सिद्ध झाले. शून्य आकड्याच्या वेळी हीच रीत उलटी वापरतात: एकेक मॉड्यूलचा कपलर काढत जायचे, ज्याचा काढल्यावर आकडा वर येतो, त्याने किंवा त्याच्या फांदीने लाइन दाबून धरलेली असते.

पण या परीक्षेलाही मर्यादा आहेत. नव्या गाड्यांत ओबीडी सॉकेट आणि आतली नेटवर्क यांच्या मध्ये गेटवे नावाचा मॉड्यूल असतो. तिथे सॉकेटवर मिळालेले साठ ओहम फक्त गेटवेपर्यंतच्या वायरीचे असतात. आतली लाइन वेगळी मोजावी लागते. ईसीएम लाइनच्या टोकाला नसून मधल्या फांदीवर असेल, तर ती फांदी तुटली तरी सॉकेटवर साठच दिसतात. म्हणून गाडीचा वायरिंग डायग्रॅम समोर नसताना आकडे वाचणे म्हणजे अंधारात तीर मारणे.

बॅटरी जोडून किल्ली फिरवल्यावर दुसरी मोजणी व्होल्टची. हायवर २.५ पेक्षा किंचित जास्त, लोवर किंचित कमी, हे लाइन चालू असल्याचे लक्षण. एखाद्या वायरीवर शून्य आले तर ती बॉडीला टेकली आहे, बारा आले तर बॅटरीच्या करंटला. ऑसिलोस्कोप असेल तर चित्र आणखी स्पष्ट होते: दोन्ही वायरींच्या चौकोनी लाटा आरशातल्या प्रतिमेप्रमाणे एक वर, एक खाली दिसतात आणि गोंगाट कुठे घुसतो आहे तेही कळते.

करंट आणि अर्थिंग

लाइन ठीक निघाली की मोर्चा ईसीएमच्या खुराकाकडे. त्याला एक कायमचा करंट लागतो, एक किल्ली फिरवल्यावरचा आणि एक मेन रिलेमार्फत येणारा. शिवाय दोन-तीन अर्थ वायरी. अनेक गाड्यांत मेन रिले ईसीएमच स्वतः ओढतो. किल्ली फिरवल्यावर फ्यूज बॉक्समधून ‘टक्’ असा आवाज येतो का, पेट्रोल गाडीत टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणतो का, चेक इंजिनचा दिवा लागतो का, यावरून सराईत माणूस हत्यार हातात घेण्याआधीच अर्धा अंदाज बांधतो.

इथे मल्टीमीटर मोठी फसवणूक करू शकतो. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक राहिली असेल, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. ईसीएमने खरा भार टाकला की ती एक तार हात टेकते. त्यामुळे अनुभवी इलेक्ट्रिशियन इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब काढतो, कपलरमधली करंटची पिन आणि अर्थिंगची पिन यांच्या मध्ये जोडतो आणि बघतो. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. तो लख्ख पेटला तर वायर भार पेलते. मंद पेटला तर आकडा बारा असूनही वायर निकामी. त्यासाठी कपलरच्या तोंडात मीटरची जाड सुई मात्र खुपसायची नाही. आतली पितळी पिन फाकते आणि आधी नसलेला लूज कॉन्टॅक्ट जन्माला येतो.

याहून चकवणारा एक प्रकार म्हणजे पाच व्होल्टचा. ईसीएम आपल्या सेन्सरांना ५ व्होल्टचा नेमका पुरवठा करतो. एखाद्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत हा पुरवठा बॉडीला शॉर्ट झाला, तर काही गाड्यांत ईसीएमचा अंतर्गत पुरवठाच बसतो आणि तो सुरूच होत नाही. स्कॅनरवर दिसते ‘संपर्क नाही’, आणि मूळ मात्र एसीच्या गॅसचा दाब मोजणाऱ्या एका किरकोळ सेन्सरमध्ये. याला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात. उपाय सोपा: स्कॅनर लावून ठेवायचा आणि सेन्सरांचे कपलर एकामागून एक काढायचे. ज्या क्षणी ईसीएम बोलू लागतो, त्या क्षणी हातात असलेला कपलर गुन्हेगाराचा.

उंदीर, पाने आणि पुराचे पाणी

वायर तुटते कशाने, याचे उत्तर आपल्याकडे बऱ्याचदा चार पायांचे असते. पावसाळ्यात आणि थंडीत उंदीर गरम इंजिनाच्या आडोशाला येतात आणि सतत वाढणारे दात झिजवण्यासाठी वायरी कुरतडतात. हार्नेसचा जाळीदार पाइप सोलला की आत दातांच्या खुणा, तुटलेले तांबे आणि लेंड्या. हा प्रश्न आपल्यापुरता नाही. होंडाने अमेरिकेत मिरचीतल्या कॅप्सेसिनचा थर दिलेली खास टेप सुट्या भागांच्या यादीत ठेवली आहे. कॅनची वायर जोडताना दोन्ही टोके सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी बसवायची असते आणि पीळ शक्य तितका राखायचा असतो. दोन वायरी लांबवर मोकळ्या सोडल्या, की गोंगाट घुसायला वाट मिळते.

दुसरा शत्रू पाणी. पुढच्या काचेखालच्या जाळीतून पावसाचे पाणी खाली जायला निचऱ्याची छिद्रे असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत गुलमोहराच्या बारीक पानांनी ती बुजतात आणि तुंबलेले पाणी केबिनमध्ये किंवा थेट ईसीएमच्या डब्याकडे वळते. पाणी लगेच मारत नाही. कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढतो, अर्थिंग हळूहळू कमकुवत होते आणि चार महिन्यांनी, कोरड्या दिवशी, गाडी रस्त्यात बंद पडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेली गाडी वरून स्वच्छ पुसून विकली जाते, तेव्हा तिचा खरा इतिहास बहुधा कार्पेटखालच्या कपलरमध्येच सापडतो.

डबा खरोखर मरतो तेव्हा

हे सगळे तपासून झाले, करंट आहे, अर्थिंग आहे, लाइन शाबूत आहे, सेन्सर सोडवले आहेत, आणि तरीही स्कॅनरने ७ई० या क्रमांकावर मारलेल्या हाकेला ईसीएमकडून ७ई८ वर उत्तर येत नाही. आता ईसीएमवर बोट ठेवता येते.

तसे घडतेही. ऑगस्ट २०१० मध्ये टोयोटाने अमेरिका आणि कॅनडात सुमारे ११ लाख ३० हजार कोरोला आणि मॅट्रिक्स गाड्या परत बोलावल्या. २००५ ते २००८ या मॉडेलांच्या ईसीएमच्या सर्किट बोर्डवर काही सोल्डर जोडांना किंवा व्हॅरिस्टर नावाच्या भागाला तडा जाण्याची शक्यता होती. परिणाम असे: चेक इंजिनचा दिवा, गिअर बदलताना झटके, इंजिन सुरू न होणे आणि कधी चालत्या गाडीत ते बंद पडणे. धातू तापतो, निवतो, प्रसरण-आकुंचन होत राहते. सोल्डरच्या जोडावर केसाएवढी भेग पडायला तेवढे पुरते. आपल्याकडे याच्या जोडीला माणसाच्या हातून होणारे घातही आहेत: जंप स्टार्ट करताना उलट्या जोडलेल्या केबल, किंवा बॅटरी न काढता चॅसीला मारलेले वेल्डिंग.

बदलण्याचे कामही सरळ नसते. बहुतेक गाड्यांत इमोबिलायझर असतो. किल्लीतली चिप आणि ईसीएम यांची ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. कुर्ल्याच्या किंवा पुण्यातल्या नाना पेठेच्या बाजारातून त्याच मॉडेलचा जुना ईसीएम आणून बसवला, तर तो स्कॅनरशी बोलेल, पण गाडी सुरू करून देईलच असे नाही. त्यात त्याच्या मूळ गाडीचा क्रमांक आणि मूळ किल्लीची ओळख असते. नव्या ईसीएममध्ये सॉफ्टवेअर भरावे लागते, किल्ली जुळवावी लागते, कॉमन-रेल डिझेल इंजिनात बहुधा प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोडही भरावा लागतो. म्हणूनच जुना बोर्ड उघडून दुरुस्त करणाऱ्यांचा स्वतंत्र धंदा उभा राहिला आहे. त्यांच्या हाती बोर्ड दिल्याने किल्लीची ओळख शाबूत राहते.

तुटलेला संपर्क, चोरीचा पुरावा

संपर्क तुटल्याच्या कोडांनी एका चोरीची पद्धतच उघडकीस आणली. लंडनमधले वाहन-सायबरसुरक्षा संशोधक इयन टेबर यांच्या टोयोटा आरएव्ही४ गाडीचा बंपर २०२२ मध्ये कोणीतरी उचकटला होता आणि हेडलाइटचा कपलर ओढून काढला होता. आधी तो नुसता उपद्रव वाटला. मग गाडीच चोरीला गेली. गाडीने कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवलेले कोड टेबर यांनी पाहिले, तर तिथे हेडलाइटच्या मॉड्यूलशी, पुढच्या कॅमेऱ्याशी आणि हायब्रिड इंजिनाच्या नियंत्रणाशी संपर्क तुटल्याच्या नोंदी होत्या. इतके मॉड्यूल एकाच वेळी मेले, हे पटण्यासारखे नव्हते. त्यांनी याच क्षेत्रातले केन टिंडेल यांच्यासह माग काढला. चोरांनी हेडलाइटच्या वायरीतून कॅन लाइनमध्ये शिरकाव केला होता, आणि ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवलेल्या उपकरणातून ‘किल्ली खरी आहे’ असा खोटा संदेश सोडला होता. एप्रिल २०२३ मध्ये हे संशोधन जाहीर झाले.

कॅनच्या मूळ रचनेत संदेश कोणी पाठवला हे तपासायची सोयच नव्हती. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी दुरून, मोबाइल नेटवर्कवरून, चालत्या जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला आणि कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर काही कंपन्यांनी सॉकेट आणि आतली नेटवर्क यांच्यामध्ये सुरक्षित गेटवे बसवले. गॅरेजसाठी याचा अर्थ असा, की अधिकृत नोंदणी नसलेल्या स्कॅनरला गेटवे बरीच कामे करू देत नाही. त्यामुळे ‘संपर्क नाही’ असे दिसले, तर आता दार मुद्दाम बंद ठेवले आहे का, हेही तपासावे लागते.

गाडीमालकाने काय विचारावे

गाडीमालकाला मल्टीमीटर हातात धरायची गरज नाही, पण चार गोष्टी मागायचा त्याला हक्क आहे. पहिली, दुरुस्तीआधीच्या स्कॅनची प्रत, ज्यात कोणत्या मॉड्यूलमध्ये कोणता कोड आहे आणि कोण उत्तर देत नाही हे लिहिलेले असेल. दुसरी, ईसीएमच्या कपलरवर करंट आणि अर्थिंग भार टाकून तपासले का, याचे उत्तर. तिसरी, ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांवर किती ओहम आले तो आकडा. हे तीन तपास करायला तास-दीड तास लागतो आणि एकही सुटा भाग विकत घ्यावा लागत नाही. त्या वेळेची मजुरी मागितली तर ती आनंदाने द्यावी. घासाघीस करून हा तास वाचवणाऱ्याला पुढे डब्याचे पैसे मोजावे लागण्याचा धोका असतो.

चौथी गोष्ट, बदललेला जुना ईसीएम परत मागून घ्यावा. नव्यानेही तोच त्रास सुरू राहिला आणि मूळ खोट पुढे एखाद्या कुरतडलेल्या वायरीत सापडली, तर किल्लीशी जुळलेला तो मूळ डबा पुन्हा जागेवर बसवता येतो.